तिन्हीसांजेची दुर्बीण

जर्मनी, ऑस्ट्रियातील रानडुकरांच्या शिकाऱ्यांना तिन्हीसांजेला किंवा चांदण्यात नेम धरावा लागतो. त्यांच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीवर पुष्कळदा ८ × ५६ असे आकडे आढळतात. पहिला आकडा विशालनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. (आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, ते योग्यच, पण आकाशनिरीक्षकांच्या ७ × ५० दुर्बिणीमागचा हिशेब हाच आहे.) या आकड्यांमागे एक जुना वाद आहे.

१७५६ मध्ये मिखाईल लोमोनोसोव यांनी सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे रात्री पाहण्याची दुर्बीण मांडली. एपिनससारख्या सदस्यांना ती कल्पनाच अशक्य वाटली. त्यांचा मुद्दा आपण आकड्यांत मांडून पाहू. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमी रुंदावते. ५६ मिमीचे भिंग व्यासाने तिच्या ८ पट, म्हणून प्रकाश ६४ पट गोळा करते. पण ८ पट विशालनामुळे तोच प्रकाश ६४ पट क्षेत्रफळावर पसरतो. म्हणजे डुकराची काळी पाठ डोळ्यांना दिसते त्यापेक्षा तसूभरही उजळ होत नाही! उलट काचेत थोडा प्रकाश वायाच जातो.

गणित बिनचूक होते. तरीही लोमोनोसोव यांचे म्हणणे खरे होते, कारण या गणितात डोळ्याचा स्वभाव धरलेलाच नव्हता. अंधुक प्रकाशात दृष्टिपटल शेजारशेजारच्या अनेक पेशींचे संदेश एकत्र करते. त्यामुळे तेवढाच उजळ, पण मोठा डाग दिसतो आणि लहान डाग हरवतो. वर्गात खिडक्या बंद करून राखी कागदाचे एक लहान व एक मोठा असे दोन तुकडे काळ्या फळ्यावर लावून पाहावेत.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असाच अनुभव नोंदवला आहे. १७७६ मध्ये, नुसत्या डोळ्यांना चर्चचा मनोराही दिसेनासा झाला असताना, त्यांच्या २० फुटी दुर्बिणीतून त्यावरच्या घड्याळात किती वाजले ते वाचता आले.

मग निवड कशी करायची? व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिमी, अंधारातल्या बाहुलीएवढी. विशालन ४ केले तर झोत १४ मिमीचा. त्यातला बराचसा बुबुळावर पडून फुकट जातो. १२ केले तर प्रतिमा मोठी, पण झोत ४.७ मिमीचा, म्हणून काळोखी. शिवाय बंदूक हातात हलते, ती गोष्ट वेगळीच.

काचेतल्या गळतीवर उपाय १९३५ मध्ये निघाला. भिंगाचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे १० पृष्ठभाग असले की जेमतेम दोनतृतीयांश उरतो. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर अतिशय पातळ थर देऊन ही गळती बरीच कमी केली.

वयाची गळती मात्र कोणत्याही थराने थांबत नाही. साठीतल्या माणसाची बाहुली अंधारातही बहुधा ५ मिमीच्या आसपासच उघडते. ८ विशालन हवे असेल तर त्याला ४० मिमीचे, हलके नि स्वस्त भिंग पुरते.