अश्वशिल्पाची मालकी : मद्रासचा मन्रो आणि मुंबईचा काळा घोडा

कलावस्तूच्या मालकीचा इतिहास सामान्यतः खरेदीखते, दानपत्रे आणि लिलावाच्या नोंदी यांतून सिद्ध केला जातो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बारीसारख्या शिल्पकारांचे लहान ब्राँझ घोडे एकाच नमुन्यावरून अनेकदा ओतले गेले आणि खाजगी संग्रहांत पोहोचले. त्यांच्याबाबतीत ही पद्धत पुरेशी ठरते. चौकात उभारलेल्या अश्वशिल्पाच्या बाबतीत मात्र तिची मर्यादा जाणवते.

चेन्नईतील सर टॉमस मन्रो याचे अश्वारूढ शिल्प मराठी अभ्यासकाला परके नाही. १८१८ मध्ये बदामी, बेळगाव आणि सोलापूर ही ठाणी घेणारा सेनानी तो हाच. १८२० पासून तो मद्रासचा गव्हर्नर होता. १८२७ मध्ये पत्तिकोंडा येथे पटकीने त्याचे निधन झाले. त्यानंतर जमलेल्या सार्वजनिक वर्गणीतून फ्रान्सिस चँट्रीने हे ब्राँझ शिल्प घडविले आणि १८३९ मध्ये ते मद्रासमध्ये उभे राहिले. घोड्याला खोगीर नाही, रिकीबही नाही. १८५७ च्या उठावातील क्रूर दमनामुळे कुप्रसिद्ध झालेल्या नीलच्या पुतळ्याविरुद्ध याच शहरात १९२७ मध्ये सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तो रस्त्यावरून वस्तुसंग्रहालयात हलविला. मन्रो मात्र जागेवरच राहिला. रयतवारी पद्धतीशी निगडित झालेली त्याची प्रतिमा येथे विचारात घ्यावी लागते.

मुंबईत याच्या उलट घडले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ च्या भेटीचे स्मारक म्हणून बोहेमने घडविलेले शिल्प अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी १८७९ मध्ये शहराला अर्पण केले. दाता ज्ञात, स्वार राजपुत्र; तरीही लोकांनी दोघांनाही वगळून शिल्पाला, आणि पुढे त्या परिसरालाच, ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ मध्ये शिल्प भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेले, पण नाव जागेवरच राहिले. २०१७ मध्ये तेथे पुन्हा घोडा आला, तो स्वाराविना.

दानपत्राने धातूची मालकी ठरते, अर्थाची नव्हे. मद्रासमध्ये वर्गणीदारांनी दिलेला अर्थ स्वारासह टिकला. मुंबईत तो लोकभाषेने बदलून घेतला. आश्रयदात्याने लिहविलेली संहिता आणि वाचकपरंपरेने स्वीकारलेली संहिता यांतील अंतर जाणणाऱ्या तौलनिक साहित्याभ्यासकाने म्हणूनच दानपत्राइतकेच लोकांनी दिलेले नावही मालकीचा पुरावा म्हणून वाचावयास हवे.