गाठीचा ताप : म्युनिसिपालिटी, शाळा व इस्पितळ ह्यांची मुंबईतील हकीकत

वांद्रे, माहीम, दादर ह्या बाजूंच्या जुन्या गावठाणांतून सायंकाळी फेरफटका करणारास नाक्यानाक्यावर दगडी क्रूस भेटतात. कोठे त्यांवर ताज्या झेंडूचा हार असतो, कोठे मेणबत्त्यांचे मेण ओघळून चबुतऱ्यावर थिजलेले असते. ह्यांपैकी कित्येक क्रूस प्लेगच्या सालांतले आहेत. घरची माणसे वाचली म्हणून कोणी ते कृतज्ञतेने उभारले. रोग गावात शिरू नये म्हणून कोणी वेशीवर बसविले. ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. परंतु त्याच सालांत दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिचा चबुतरा कोणी कोठे बांधलेला नाही. म्युनिसिपालिटी, शाळा आणि इस्पितळ ह्या तीन निराळ्या संस्था एका संकटात प्रथम एकमेकींवर व लोकांवर आदळल्या, आणि मग हळूहळू एकत्र काम करण्यास शिकल्या. तीच हकीकत ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

मुंबईस इस्पितळ ही वस्तू प्लेगपूर्वी ठाऊक नव्हती असे नाही. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीत सरकारने आपली भर घातली व इ. स. १८४५ मध्ये भायखळ्यास मोठे इस्पितळ उघडले. त्याच साली त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेजही सुरू झाले. म्हणजे दाता, सरकार व शाळा ह्यांची मोट तेव्हाच बांधली गेली होती. पुढे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ साहेबांनी १८९० मध्ये निराधार कुष्ठरोग्यांकरिता माटुंग्याच्या बाजूस आश्रम काढला. (मराठी पोवाडे जमवून छापविणारे ॲक्वर्थ साहेब ते हेच. शाहिरांची आणि कुष्ठरोग्यांची एकाच वेळी विचारपूस करणारा अंमलदार विरळाच म्हणावयाचा.) सांसर्गिक रोगांसाठी आर्थर रोडवर म्युनिसिपालिटीचे इस्पितळही १८९२ पासून होते. परंतु अशा ठिकाणी आपखुशीने जाणारा मनुष्य थोडा. बाळंतपण, दुखणे व मरण ही तिन्ही घरीच व्हावयाची, अशी सर्व जातिधर्मांच्या लोकांची रीत होती, आणि आपला समाज तिला अपवाद नव्हता.

अशा स्थितीत १८९६ चा पावसाळा सरत आला. बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी आणि माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी एकमेकींस लागून होत्या. तेथे लोक तापाने फणफणत, जांघेत वा काखेत गाठ येई आणि दोनचार दिवसांत रोगी दगावे. त्याच भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस ह्यांचा दवाखाना होता. मूळचे गोव्यातील हडफड्याचे, जन्म १८५६ चा, शिक्षण मुंबईत, वैद्यकाची पदवी ग्रँट कॉलेजची. सप्टेंबरच्या २३ तारखेस त्यांनी, हा गाठीचा प्लेग आहे, असे उघड सांगितले. व्यापारी शहरात असा शब्द उच्चारणे म्हणजे बंदर बंद करण्यास निमंत्रण देणे होय. कित्येकांनी कानांवर हात ठेविले, कित्येकांनी डॉक्टरांनाच नावे ठेविली. पण व्हिएगस हे नुसते डॉक्टर नव्हते. ते कॉर्पोरेशनचे सभासदही होते. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत जे त्यांनी हातांनी चाचपून पाहिले, तेच नगराच्या कारभाऱ्यांपुढे उभे राहून बोलण्याचा अधिकार त्यांस होता. रोग्याची खाट आणि सभेची खुर्ची ह्यांमधील अंतर ह्या एका मनुष्याने तोडले, म्हणून मुंबईस वेळेवर इशारा तरी मिळाला. इशाऱ्याचा उपयोग कसा झाला, हे पुढे पाहू.

म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी ऑक्टोबरच्या ६ तारखेस हुकूम काढला, की प्लेगच्या संशयिताला, गरज पडल्यास बळाने, इस्पितळात हलवावे. कागदावर हा हुकूम शहाणपणाचा दिसतो. परंतु लोकांच्या डोळ्यांना काय दिसले? आर्थर रोडच्या फाटकातून रोगी आत जाई, तो बहुधा अखेरच्या घटकेस. आणि बाहेर येई ते प्रेत. मग गल्लोगल्ली बोलवा उठली, की तेथे माणसांना उलटे टांगून मोमियाई काढतात. आज आपण हसू. पण ज्या घरातून आईला पोलिसांनी नेले आणि पुन्हा तिचे तोंड दिसले नाही, त्या घराला कोणी हसावे? ऑक्टोबरच्या २९ तारखेस गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला व त्याने मोडतोड केली. कमिशनरास ह्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. शहराचा मैला वाहणारे सफाई कामगार जर ह्या हुकुमास भिऊन गावी पळाले, तर मुंबई चार दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, हे ते जाणून होते. दुसऱ्याच दिवशी हुकूम सैल करण्यात आला. ज्यांना कोणी सभेत बसू दिले नसते, त्या लोकांच्या भीतीने शहराचे धोरण फिरविले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत फारशी ठळक छापली जात नाही.

इतक्यात एका शाळेने आपला वाटा उचलला. ही शाळा म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबरात मुंबईस आले आणि त्या कॉलेजातील अपुऱ्या जागेत, हाताशी थोडी माणसे घेऊन, प्लेगवरील लस तयार करू लागले. १८९७ च्या जानेवारीच्या १० तारखेस त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा पडताळा पाहिला. पण लस बाटलीत असून भागत नाही, ती दंडात जावी लागते. खोजा समाजाचे तरुण पुढारी आगाखान ह्यांनी आपला एक वाडा हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेस दिला आणि लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतले. त्यांचे पाहून त्यांच्या अनुयायांनी हजारोंच्या संख्येने टोचून घेतले. सक्तीने जे साधले नव्हते ते एका उघड्या दंडाने साधले! पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि आज ती हाफकिन ह्यांचेच नाव धारण करते.

सरकारचा मार्ग मात्र निराळा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर ह्यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि म्युनिसिपालिटीच्या हातून सूत्रे काढून घेण्यात आली. घरांच्या झडत्या, रेल्वेवर तपासणी, रोग्यांच्या घरच्या माणसांना छावण्यांत ठेवणे, गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडणे, छपराची कौले उतरवून ऊन आत घेणे, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर मोठमोठी अक्षरे रंगविणे, असा सपाटा चालला. ह्यांतले पुष्कळ श्रम वाया गेले. कारण रोग पसरविणारी उंदरावरची पिसू होय, हा शोध सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरास १८९८ मध्ये कराचीस लागला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. भिंती धुवून काढल्या, पिसू राहिली. तोवर शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेरगावी निघून गेली होती, आणि रोगही तिच्या बोचक्यांबरोबर गेला.

पुण्यास काय झाले ते सर्वश्रुत आहे. रँड साहेबांच्या अंमलात सोजीर घरांत शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्यांजवर गोळी झाडली गेली. ह्या घटनेच्या आवाजात दुसरी एक घटना दबून जाते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवितो. त्याच साली १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. त्यांच्या दत्तक पुत्राने, डॉ. यशवंतरावांनी, शहराबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना उघडला होता, आणि बाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घालून तेथे आणिले, असे सांगतात. १८४८ पासून मुलींना शिकविणाऱ्या ह्या बाई. त्यांचे यजमान जोतीराव हे १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद. शाळा, नगरसभा आणि दवाखाना ह्या तिहींची कामे एका घराने केली, तीही कोणी हुकूम न काढता.

मुंबईसही इस्पितळाविषयीची भीती ओसरली ती अशाच वाटेने. पारशी मंडळींनी डॉ. बहादुरजी ह्यांच्या देखरेखीखाली आपले इस्पितळ काढले. मागोमाग इतर समाजांनीही आपापली काढिली. जागा व औषध ह्यांची तजवीज अधिकाऱ्यांनी पाहावी, आणि स्वयंपाक, पाणी, प्रार्थना, भेटीस येणारे नातलग ही व्यवस्था त्या त्या समाजाने पाहावी, अशी वाटणी झाली. रोग्यास आपल्याच भाषेत बोलणारा मनुष्य उशाशी दिसू लागला, आणि जी माणसे रोगी फडताळात दडवीत होती ती त्याला स्वतः घेऊन येऊ लागली. डॉटर्स ऑफ द क्रॉस ह्या संघाच्या धर्मभगिनी, ज्यांना आपण शाळेच्या बाई म्हणून ओळखतो, त्याही प्लेगच्या इस्पितळांत शुश्रूषेस उतरल्या. वर्गातला फळा पुसून तापाच्या खाटेशी उभे राहणे हे सोपे काम नव्हे.

तथापि ही समजूत सगळीकडे एकदम आली नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाह्याच्या घरी आजारी मुलीची तपासणी करण्यावरून मोठा दंगा उसळला व त्यात माणसे मेली. तेव्हा प्लेग कमिटीचे मुख्य कॅम्पबेल साहेब होते; मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर रचणारे, येथील जातीजमातींची बारीकसारीक माहिती असणारे गृहस्थ. इतके जाणणारा मनुष्य वर असूनही खाली दाराशी शिपाई उभा राहिला की व्हावयाचे ते झालेच. त्यानंतर सक्तीचा जोर उत्तरोत्तर कमी होत गेला.

१८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. नगर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढिले, त्यांतला प्रिन्सेस स्ट्रीट आपल्या लोकांच्या कावेलमधून गेला, आणि कित्येक कुटुंबे वांद्रे, माहीमकडे सरकली. ट्रस्टने पाडिले फार आणि बांधिले त्या मानाने थोडे, असे माझे मत आहे. १९३३ मध्ये तो कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला.

डॉ. व्हिएगस १९०६ मध्ये कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. तो मान मिळविणारे ते पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ मध्ये ते वारले. मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभारलेला आहे, पण त्याखालची अक्षरे वाचण्यास थांबणारा पादचारी मी अद्याप पाहिलेला नाही.

त्यांच्या हयातीतच तिन्ही संस्थांनी रीतसर करार करून एकत्र येण्याचा प्रसंग परळास घडला. शेट गोवर्धनदास सुंदरदास ह्यांच्या विश्वस्तांनी मेडिकल कॉलेजासाठी म्युनिसिपालिटीस मोठी रक्कम देऊ केली, ती एका अटीवर : शिकविणारे अध्यापक हिंदी असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. म्युनिसिपालिटीने इस्पितळ बांधावे, देणगीतून शाळा उभी राहावी, शाळेच्या विद्यार्थ्यांनी इस्पितळात शिकावे, आणि गिरणगावच्या गरिबांना त्याचा लाभ व्हावा, अशी ही जोडणी. किंग एडवर्ड मेमोरिअल इस्पितळ व शेट गो. सुं. मेडिकल कॉलेज १९२६ च्या जानेवारीत विधिपूर्वक उघडले, डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले डीन. साधारण त्याच सुमारास म्युनिसिपालिटीने सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम एफ आणि जी ह्या उत्तरेकडील वॉर्डांत सुरू केले, आणि परळ त्यांतच येते. ज्या गिरणीकामगारांनी तीस वर्षांपूर्वी आर्थर रोडचे इस्पितळ फोडले, त्यांच्या वस्तीजवळच आता शाळा आणि इस्पितळ दोन्ही म्युनिसिपालिटीची होती. राष्ट्रीय चळवळीतून निघालेले नायर इस्पितळ व त्याचे कॉलेज हेही १९४६ मध्ये म्युनिसिपालिटीकडे आले.

आर्थर रोडचे इस्पितळ आजही चालू आहे. आता त्यास कस्तुरबांचे नाव आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ मुंबईत शिरली, तेव्हा आरंभीचे रोगी तेथेच ठेविले गेले, आणि महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. म्युनिसिपालिटीच्या शाळांचे बाक भिंतीशी सारून वर्गांत संशयितांस ठेवण्याची सोय करण्यात आली. वॉर्डवॉर्डाच्या नियंत्रण कक्षांतून इस्पितळांच्या खाटांची वाटणी होऊ लागली. आणि ज्या शहराने एके काळी आपले रोगी फडताळात दडविले होते, त्या शहरातील माणसे रात्ररात्र फोन हाती धरून विनवीत होती, की आमच्या रोग्यास इस्पितळात एक खाट द्या.