सरस्वतीचे नाव आणि छडीचा वळ

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथला, आज मंडणगड तालुक्यात मोडणारा बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला आणि पुढल्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहान्वये तो कंपनी सरकारच्या अमलाखाली कायम झाला. पेशवाई बुडाल्यावर, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल यांनी याच बंदरात बिऱ्हाड थाटले, आणि पाठोपाठ बाणकोट व हर्णै या टापूत मिशनच्या मराठी शाळा निघाल्या.

त्यापूर्वी या मुलखात शाळा नव्हत्या असे मात्र नाही. कोणाच्या ओटीवर वा देवळाच्या पडवीत पंतोजींची शाळा भरे. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, पुसावे आणि पुन्हा गिरवावे, दसऱ्याला एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती साकारावी, आणि तिन्हीसांजेला परवचा म्हणावा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाच्या पाढ्याची ती अवघड औटकी! एकाने खड्या आवाजात सुरुवात करावी, बाकीच्यांनी ठेक्यात उचलावी, आणि जे एकट्या मुलाला रुक्ष ओझे वाटले असते ते समूहाच्या नादात जिभेवर बसावे, ही योजना ज्या कोणा अज्ञात गुरुजींना प्रथम सुचली त्यांना बालमनाची उत्तम पारख असली पाहिजे. अंगठे धरवणारी आणि घोडीवर चढवणारी शिक्षाही तेथेच होती, हेही विसरता कामा नये.

मिचेल बाणकोटास आले त्याच वर्षी बल्लारीचे कलेक्टर कॅम्बेल यांनी आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांविषयी मद्रास सरकारास जो अहवाल धाडला, त्यात एक विलक्षण प्रघात नमूद आहे. सकाळी जो विद्यार्थी सर्वांआधी शाळेत येई त्याच्या तळहातावर सन्मानार्थ सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्यास हलकीशी एक छडी, चौथ्यास दोन, आणि पुढे प्रत्येकास एकेक वाढती. गुण, बिल्ले आणि क्रमवारी लावून अभ्यासाला खेळाचे रूप देण्याची जी पद्धत आज वर्गावर्गांत नवी म्हणून मिरवते, तिची सारी अंगे या एका तळहातावर दिसतात. आणि तिचा दोषही दिसतो. जे पोर पहाटे गुरे सोडून, ओढा ओलांडून येते, त्याचा क्रमांक त्याच्या आळसाने नव्हे तर त्याच्या घराने ठरवलेला असतो, आणि वळ मात्र त्याच्या हातावर उठतो.

देशी शाळांतील रीतींचा हा ओघ साहेबाच्या देशीही पोहोचला. मद्रासेत १७८९ पासून अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत उचलली, मोठ्या मुलाकडून धाकट्यास शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. त्याच वाटेने गेलेल्या जोसेफ लँकेस्टरने तर तिकिटे साठवून चेंडू वा पतंग मिळवण्याची लालूच मुलांपुढे ठेवली.

परंतु खेळात सामील व्हायचे तर आधी पटावर जागा हवी. मंडणगड तालुक्यातीलच आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवण्यासाठी मास्तरांनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले ते हलवण्यास धावली. ज्याला फळ्याला हात लावण्याची मोकळीक नाही, त्याला बक्षिसाची कोणती ओढ लावणार?

या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले ते ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाईंनी बक्षीस आणि शिक्षा ही दोन्ही दूर सारून खेळ हेच बालशिक्षणाचे साधन मानले, आणि १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षण केंद्र काढून माँटेसरीच्या महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे आणले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरांमागे जाणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना तेथेच मुलांचे शिक्षण चाले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडचे ते काम पुढे चालवले.