किती गळतंय?

न्यू जर्सीहून पिट्सबर्गच्या बालाजीला निघालं की हॅरिसबर्गजवळ टर्नपाईक सस्क्वेहाना नदी ओलांडतो. तिथून दूरवर थ्री माईल आयलंडचे कूलिंग टॉवर दिसतात. आई-बाबा आले होते तेव्हा मी गाईडच्या थाटात म्हटलं, "इथे १९७९ साली अणुभट्टीला अपघात झाला."

बाबा म्हणाले, "माहितीय रे. गळक्या व्हॉल्व्हची गोष्ट ती!"

बाबांची नोकरी चिंचवडला व्हॉल्व्ह टेस्टिंगमध्ये गेली. बंद व्हॉल्व्हमधून थेंबही येऊ नये, अशी माझी भाबडी समजूत. पण कंट्रोल व्हॉल्व्हच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये गळतीचे चक्क वर्ग आहेत! चौथ्या वर्गात पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्के गळती चालते. मऊ सीटच्या सहाव्या वर्गात आठ इंची व्हॉल्व्हला मिनिटाला ४५ बुडबुडे माफ. नळीचं टोक पाण्यात बुडवायचं, घड्याळ लावायचं आणि बुडबुडे मोजायचे.

थ्री माईल आयलंडला मोजमाप होतं, मर्यादाही लिहिलेली होती. २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारला दुसऱ्या युनिटमधले पाण्याचे पंप बंद पडले, दाब वाढला आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता, पण अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण तो फक्त 'बंद हो' हा हुकूम सुटल्याचं सांगत होता. व्हॉल्व्ह खरंच मिटला का, हे त्याला कळतच नव्हतं!

व्हॉल्व्हपुढच्या पाईपचं तापमान २८३ अंश फॅरनहाइट दिसलं. १३० च्या वर गेलं तर मागचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करा आणि २०० म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह उघडा समजा, असं त्यांच्याच सूचनांमध्ये होतं. पण व्हॉल्व्ह आधीपासून थोडा गळतोय, पाईप गरमच असतो, ही सगळ्यांना सवय झालेली. शिवाय पाणी जास्त झालंय असं समजून इमर्जन्सी पंपांचा ओघही कमी केला गेला. ब्लॉक व्हॉल्व्ह बंद व्हायला सुमारे २ तास २२ मिनिटं लागली. त्या सकाळी अणुभट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. थॉमस कर्ट्झबरोबर १९६४ मध्ये बेसिक ही भाषा बनवणारे तेच! शाळेत माझा पहिला प्रोग्रॅम त्याच भाषेतला. ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात त्यांनी एकट्या ऑपरेटर्सवर खापर फोडलं नाही. प्रशिक्षण, सूचना, कंट्रोल रूमची रचना, कंपनी आणि सरकारी नियामक, सगळ्यांचेच दोष दाखवले.

"गळणारच रे," बाबा म्हणाले, "पण आज किती, मर्यादा किती, आणि कालपेक्षा वाढलं का, हे रोज विचारायचं. नेहमीचंच आहे म्हटलं की संपलं."

मी गप्प झालो. आमच्या सिस्टिममधून रोज रात्री एक वॉर्निंग येते. 'नेहमीचीच' म्हणून मी ती परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची सोय करून ठेवली होती.

बालाजीचं दर्शन झालं. घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते हे, की ती सोय काढून टाकली आणि वॉर्निंग मोजायला लागलो.