बालवाडीचा उगम आणि तिचे मूळ प्रयोजन

इंझोरी काय किंवा मुंबई काय, 'बालवाडी' हा शब्द आज सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा धागा आपल्या विदर्भातून गेलेला आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

या कल्पनेचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल हे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात १७८२ साली जन्मले. तान्हेपणीच मातृछत्र हरपले. पंधराव्या वर्षी ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस राहिले आणि झाडाझुडपांत रमले. रोप ओढून वाढत नाही, त्यास ऊन, पाणी व मोकळी जागा द्यावी लागते, हाच न्याय त्यांनी बालकांस लावला. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिचे 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' असे नामकरण केले. आपल्या 'बालवाडी'तील वाडी म्हणजेही बागच होय! तेथे पाटी-पुस्तक नव्हते. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व दंडगोल, गाणी आणि मुलांनी स्वतः राखावयाचे वाफे हाच तेथील अभ्यासक्रम. एवढ्या निरुपद्रवी गोष्टीचेही प्रशियाच्या सरकारला भय वाटले. नास्तिकपणाचा ठपका ठेवून १८५१ साली बंदी घालण्यात आली. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० मध्ये.

पुढे १९०७ साली डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या विचारांचे बीज गुजरातेत भावनगरला रुजविले ते वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथेच १९२३ मध्ये ताराबाई मोडक येऊन मिळाल्या.

ताराबाई १९१४ च्या पदवीधर. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. तो संसार टिकला नाही. कन्येस घेऊन त्या बाहेर पडल्या, राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या आणि तेथून भावनगरास गेल्या. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने हे करणे किती धैर्याचे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला व १९३६ मध्ये मुंबईत दादरला 'शिशुविहार' सुरू झाला.

तथापि खरी अडचण खर्चाची होती. माँटेसरीची साधने महाग. शहरातील सुखवस्तू पालकांनाच ती परवडत. खेड्यातील बालकांनी काय करावे? या प्रश्नाने ताराबाई १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या. तेथे शिंपले, बिया, पाने, बांबू व माती हीच साधने झाली. किंमत शून्य, उपयोग तोच! हिशेबी माणसानेही मान डोलवावी असा हा व्यवहार होता. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. मोठी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता दोन कारणे दिसली : धाकटी भावंडे सांभाळणे आणि गुरे राखणे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. गुराख्यांसाठी तर 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरताहेत आणि शिक्षिका तेथेच शिकवीत आहेत! ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, हे काम चालविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली आणि पूरक आहार, लसीकरण व पूर्वप्राथमिक शिक्षण यांसाठी गावोगाव अंगणवाड्या झाल्या. इंग्रजी नावाच्या नर्सऱ्या मात्र नंतर उलट दिशेने गेल्या. तीन वर्षांच्या बालकास प्रवेशासाठी मुलाखत आणि गृहपाठ, ही फ्रोबेलची बाग नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून त्यात खेळास पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले आहे.