मागच्या दाराने आलेले कायदे

विधान परिषदेतल्या आमदाराला ‘मागच्या दाराने आलेला’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. नीलम गोऱ्हे 2002 मध्ये परिषदेत आल्या, 2019 मध्ये उपसभापती झाल्या. त्यांनाही हा टोमणा लागतो. महाडचा इतिहास या टोमण्याला फारसा दुजोरा देत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलाने 1923 मध्ये मंजूर केला आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तो चवदार तळ्याला लागू केला. 1927 मध्ये सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे डॉ. आंबेडकर त्या वेळी कौन्सिलात होते, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणाऱ्या विधेयकाची बाजू त्यांनी 1928 मध्ये तिथेच लढवली. 1929 मध्ये कायदा झाला. त्यांच्यामागे मतपेटी नव्हती, म्हणून त्या कायद्याचे मोल उणावत नाही.

यावर कोणी म्हणेल, ठरावाने पाणी कुठे मिळाले? खरे आहे. 20 मार्च 1927 ला लोक तळ्यावर गेले तेव्हा त्यांना मारहाण झाली, नगरपालिकेने ठराव फिरवला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडले. पण लोकांच्या हाती धरायला काही होते, ते त्या ठरावामुळेच. खरा आक्षेप दुसराच आहे: परिषदेची किल्ली पक्षाकडे असते. गोऱ्हे जुलै 2023 मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या, तेव्हा कौल द्यायला त्यांच्यामागे स्वतःचा असा मतदारसंघ नव्हता. विधानसभेचे तिकीटही पक्षच देतो, पण तिथे निदान मतदाराला नकार देता येतो.

मग दार रुंद करायचे कुठून? रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून परिषदेवर एक सदस्य जातो. 2018 मध्ये अनिकेत तटकरे गेले. त्या मतदारांत महाड नगरपालिकेचे आणि पोलादपूर नगरपंचायतीचे सदस्यही असतात, आणि या संस्थांतल्या निम्म्या जागा आता स्त्रियांसाठी राखीव आहेत. मत द्यायला त्या निम्म्या. उमेदवार ठरवायला बसणाऱ्यांना मात्र असे कोणतेही आरक्षण लागू नाही.