वायपर कुठे थांबला?

सनीव्हेलमध्ये मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. पाच महिने वायपरची आठवण कोणाला होत नाही. मग दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी पहिली सर येते. आपण हायवे १०१ वर असतो, मागच्या सीटवर देशातून आलेले आई-बाबा असतात, आणि वायपर हलत नाही. मुंबई-पुण्याला जून जवळ आला की छत्रीबरोबर वायपरही तपासला जातो. इथला पाऊस तशी आठवण करून देत नाही.

दोष शोधायला वायपरचा इतिहास कामी येतो. एकेका अडचणीवर उपाय म्हणून त्याचा एकेक भाग जोडला गेला, आणि आजही बिघाड होतो तो बहुधा त्यांपैकीच एखाद्या भागात.

सुरुवात न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये झाली. १९०२-०३ च्या हिवाळ्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅमहून आलेल्या मेरी अँडरसन यांनी पाहिले की ओला बर्फ पडू लागला की चालकाला समोर दिसेनासे होते. त्यांनी आतून हाताने फिरवायचा दांडा आणि बाहेर रबराची पट्टी अशी रचना केली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी पेटंट मिळाले. १९०५ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने यात धंद्याच्या दृष्टीने अर्थ नाही असे कळवले. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि बाईंना एक पैसाही मिळाला नाही. पुढे १९२२ मध्ये कॅडिलॅकने वायपर प्रत्येक गाडीला बसवून द्यायला सुरुवात केली.

अँडरसनबाईंची रबरपट्टी आजही आहे, आणि आपल्याकडे सर्वांत आधी बिघडते तीच. नैसर्गिक रबराच्या रेणूत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन ते तोडतो आणि पट्टीला बारीक चिरा पडतात. त्यात पाच महिने तापल्या काचेवर एकाच बाजूला दुमडून राहिल्याने ती तशीच कडक होते. वायपर फिरतो, पण थरथरतो आणि पाण्याचे पट्टे ठेवतो. असे झाले तर फक्त पट्टी बदला. मोटरकडे जाऊ नका.

दुसरी अडचण हाताची. एका हातात चाक आणि दुसऱ्यात दांडा, हे चालणारे नव्हते. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड या बाईंनी विजेवर चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले, पण बाजारात जम बसला तो इंजिनातल्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या वायपरचा. त्याची खोड अशी की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि वायपर मंदावे. हायवे १७ चा घाट पावसात चढताना, जिथे तो सर्वांत जास्त हवा, तिथेच तो रेंगाळायचा! अखेर विजेच्या मोटरने त्याची जागा घेतली.

मोटर गोल फिरते आणि वायपर मागे-पुढे जातो. मधले काम जोडदांड्यांचे. म्हणून कान देऊन ऐका. मोटरचा आवाज येतो पण वायपर हलत नाही, तर जोडदांडा निसटला असेल. एकच वायपर हलतो, तर दुसऱ्याच्या बुडाशी असलेला नट सैल आहे का पाहा. आवाजच नाही, तर आधी फ्यूज पाहा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही लगेच उडाला तर मोठा घालू नका. काहीतरी अडकले आहे किंवा तार कुठे टेकली आहे. काचेच्या बुडाशी साचलेला पालापाचोळा काढणे हे तर गाडी बंद ठेवून घरीच होते.

तिसरी अडचण भुरभुरीची. सतत फिरणारा वायपर कोरड्या काचेवर घासत राहतो. डेट्रॉइटचे प्राध्यापक रॉबर्ट केर्न्स यांनी पापणीसारखा थांबून थांबून फिरणारा वायपर बनवला. १९६४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६७ मध्ये ते मिळाले. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ हाच मधला विसावा. त्यांनी हे फोर्डला दाखवले होते. १९६९ मध्ये फोर्डने तसा वायपर स्वतःच बाजारात आणला. केर्न्स यांनी १९७८ मध्ये दावा लावला. यातला प्रत्येक सुटा भाग जुनाच आहे, असा बचाव झाला. १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरकडून १९९५ मध्ये व्याजासह सुमारे ३ कोटी मिळाले. तोवर त्यांचा संसार मोडला होता. आपल्यापैकी कित्येकांची नावे पेटंटांवर आहेत. जुन्या भागांची नवी जुळणी हा शोध असतो की नाही, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

सतत फिरणारा वायपर चालतो पण थांबत फिरणारा नाही, तर मोटर ठीक आहे. दोष खटक्यात किंवा रिलेत असेल. बंद केल्यावर तो काचेच्या मध्येच थांबला, तर जागेवर आणणारा स्विच तपासून घ्या.

देशात काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळत. त्याने थेंब न बनता पाणी पसरते आणि थोडे दिसते. फ्रीवेवर मात्र हा उपाय नको. वेग कमी करा, पहिल्या एक्झिटने उतरा आणि सर ओसरेपर्यंत थांबा. कॅलिफोर्नियात २००५ पासून पावसात वायपर सतत चालू असेल तर हेडलाइटही लावावे लागतात, हेही लक्षात असू द्या.

या दिवाळीच्या कार्यक्रमाला निघण्याआधी एकदा काचेवर पाणी उडवून वायपर फिरवून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.